बाळाच्या अंघोळीचं पाणी नक्की किती गरम असावं? (मावशींचा हात विरुद्ध माझा हात)

सोनचाफा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी सध्या माहेरी पुण्यात, बाळंतपणाला आलेय. लेक अजून सव्वा महिन्याची व्हायचीय. नाळ पडल्यावर डॉक्टर म्हणाले आता घाला अंघोळ, आणि आईने लगेच ओळखीतल्या मावशी लावल्या, बाळ-बाळंतिणीचं मालीश करून न्हाऊ घालणाऱ्या. मावशी कामाला चोख, मायाळू, वेळेच्या पक्क्या, त्याबद्दल अक्षराची तक्रार नाही. पण ते पाणी!! पाटावर बसून लेकीला पायांवर घेतात आणि तांब्यामागून तांब्या सुरू. लेक पहिल्या तांब्याला श्वास रोखल्यासारखी गप्प होते आणि मग जी किंचाळायला लागते ती दुपट्यात गुंडाळेपर्यंत. बाहेर येते तेव्हा पाठ आणि कुल्ले लालबुंद. मावशींचं म्हणणं, अंग शेकून निघालं की पोर तीन तास हलत नाही बघा. झोपते हे खरंय. पण ती झोप आहे का रडून दमल्यामुळे आलेली गुंगी हेच मला कळत नाहीये.

काल मी बादलीत बोटं घातली तर चटका बसला. मावशींनी त्याच पाण्यात अख्खा पंजा घालून ढवळलं आणि म्हणाल्या, "कोमट तर हाय की." आई त्यांच्या बाजूने. नवरा व्हिडिओ कॉलवरून माझ्या बाजूने, म्हणजे उपयोग शून्य.

घरात सोसायटीचं सोलर आहे आणि बाथरूममध्ये गीझर. सोलरचं पाणी सकाळी आधी गारढोण येतं आणि मग एकदम कढत. तर पाणी नक्की किती गरम असावं, कसं मोजायचं आणि मुख्य म्हणजे मावशींना न दुखावता सांगायचं कसं? तिसऱ्याचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल.

रानजाई
अभिनंदन गं! ३७ डिग्री, फार तर ३८. त्याच्यावर नाही. आमच्या पेडिने (बाळाच्या डॉक्टरने) हेच सांगितलं होतं आणि नंतर जिथे जिथे वाचलं तिथे पण हाच आकडा. म्हणजे आपल्या अंगाइतकंच. बोटांनी बघायचं नाही, कोपर बुडवायचं, नाहीतर मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतायचं. कोपराला गरम असं जाणवलं तर ते बाळाला जास्त आहे, "हं, बरंय" एवढंच वाटलं पाहिजे.

कृष्णाकाठ
मी इथल्या वयाने मोठ्या सभासदांपैकी, तेव्हा थोडं जुनं मत मांडते, रागावू नका. आमच्याकडे न्हाणीत बंब पेटायचा, घंगाळात पाणी काढायचं आणि विसण (गार पाणी) घालून सोसवेल असं करायचं. तीन मुलं आणि पाच नातवंडं अशीच न्हाली. पायांवरची अंघोळ ही फार चांगली पद्धत आहे, बाळ घट्ट धरलेलं असतं, निसटत नाही, नाकातोंडात पाणी जात नाही, सगळ्या सांध्यांना व्यायाम होतो. टबात बुडबुड करण्यापेक्षा कितीतरी बरी. तेव्हा मावशींना काढून टाका वगैरे कुणी सांगायला येईल त्यांचं ऐकू नकोस.

पण एक आहे, सोसवेल म्हणजे बाळाला सोसवेल, घालणारीला नव्हे. माझ्या सासूबाई विसण घातल्यावर पाणी कोपरावर घेऊन बघायच्या आणि मगच बाळ हातात मागायच्या. म्हणजे कोपराचं हे काही आजकालचं इंटरनेटचं खूळ नाही.

रानजाई
@कृष्णाकाठ काकू, दंडवत घ्या. सोनचाफा, हेच सांग मावशींना, जुनीच पद्धत आहे म्हणून.

आकडेमोड
बायकांच्या धाग्यावर बापमाणूस आलाय, सांभाळून घ्या. आमच्याकडे अंघोळ घालायची ड्यूटी माझी होती म्हणून थोडा अभ्यास झालाय.

घरोघरी एक माप असतं, "निम्मं गरम निम्मं गार". हे माप सर्वात घातक आहे असं माझं मत आहे कारण ते कुठलं गरम आणि कुठलं गार हे सांगतच नाही. साधा हिशोब करून बघा. नळाचं पाणी २५ डिग्री धरा, पुण्यात साधारण तेवढं असतं, थंडीत कमी. आता गॅसवर उकळलेलं पाणी म्हणजे १०० डिग्री. निम्मं-निम्मं केलं तर ६२.५ डिग्री!! तेच गीझरचं ६० डिग्रीचं पाणी घेतलं तर निम्म्या-निम्म्यात ४२.५, म्हणजे भाजणार नाही लगेच पण बाळाला जास्तच. आणि तेच निफाडला जानेवारीत, नळाचं पाणी १५ डिग्री असेल तर गीझरचं निम्मं-निम्मं बरोब्बर ३७.५ येतं. म्हणजे निफाडची आजी तिच्या जागी एकदम करेक्ट आहे, पण तिचं माप घेऊन मुलगी मुंबईला नांदायला गेली की घोळ.

२५ डिग्रीच्या गार पाण्यासाठी ढोबळ प्रमाण असं लक्षात ठेवा: उकळतं पाणी असेल तर एक तांब्या गरमला पाच तांबे गार. गीझरचं ६० चं असेल तर एकास दोन. सोलरचं ७० च्या आसपास असेल तर एकास पावणेतीन. पण हे फक्त जवळपास पोचायला, शेवटी मोजायचंच. तरंगणारा बाथ थर्मामीटर मिळतो ऑनलाइन, काही महाग नाही. तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२ च्या वर दाखवतच नाही आणि काचेचा असेल तर फुटला की पारा.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ तुमचा हिशोब बरोबर आहे पण आमच्या इकडं उलटं राह्यते. चंद्रपूरले मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी सोडलं तर हात पोळते, गार नळाचं बरं का, गीझर बंद. विसण कशाचं घालता मंग? आमच्या घरी उन्हाळ्यात बाळाचं पाणी आदल्या रात्रीच बादलीत भरून घरात झाकून ठेवत होतो आणि सकाळी सातच्या आत अंघोळ. नवीन माणूस आलं का ते सवयीनं निळा नळ सोडते, त्याले वाटते निळा म्हणजे गार. पाइप उन्हात तापलेला असते, पहिलं बादलीभर तर वाहूनच जाऊ द्या (म्हणजे दुसऱ्या बादलीत, फेकू नका, पाण्याची बोंब आहे).

आकडेमोड
@वऱ्हाडी_ठेचा हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता. टाकीचं ४२ असेल तर तिथे गरम पाणी घालायचंच नाही, उलट गार करायचं.

पांढरी_टोपी
मी सरकारी रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागात सिस्टर आहे. ड्यूटी संपवून आत्ता वाचलं. लांब लिहितेय, वाचा.

१) लालपणा. मालीश आणि अंघोळीनंतर बाळ गुलाबी होणं नॉर्मल आहे, रगडल्यामुळे रक्त वर येतं, थोड्या वेळात जातं. पण लाली तशीच राहिली, किंवा जिथपर्यंत पाणी लागलं तिथपर्यंत रेघ मारल्यासारखी दिसली, किंवा फोड आला, तर ते भाजलंय. बाळ इतकं लहान असताना भाजल्याचा डाग केवढाही असो, डॉक्टरकडे न्यायचंच.

२) बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते म्हणून ती लवकर आणि खोल भाजते. मोठ्या माणसाला ६० डिग्रीच्या पाण्याने पाचेक सेकंदात खोल भाजतं, ५५ ला अर्धा मिनिट वगैरे लागतं, ४९-५० ला काही मिनिटं. लहान मुलाला याहून कमी वेळ पुरतो. गीझरचं पाणी ६० असतं हे वर आलंच आहे, आता जोडून बघा.

३) मावशी खोटं बोलत नाहीयेत. वर्षानुवर्षं गरम पाण्यात काम केलेल्या हाताची कातडी जाड होते, त्यांना खरंच कोमट लागतं. म्हणून भांडू नका. हाताऐवजी दुसरी जागा वापरायला सांगा एवढंच.

४) आणि घाबरून जाऊन थंड पाण्याने पण घालू नका हां! आमच्याकडे थंडीत जास्त करून गार पडलेली बाळं येतात. इतक्या लहान बाळाला आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम ठेवता येत नाही. बाळाचं तापमान ३६.५ च्या खाली गेलं की आम्ही त्याला गार पडलेलं बाळ म्हणतो. पंखा बंद, खिडकी बंद, कपडे आणि टॉवेल आधीच उलगडून ठेवलेले, पाच-सात मिनिटांत आटपायचं आणि डोकं आधी पुसायचं. जन्मल्या जन्मल्या अंघोळ नको, निदान २४ तास थांबा असं जागतिक आरोग्य संघटना पण सांगते. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर ओल्या कपड्याने पुसून घ्या, अंघोळीची घाई नको, ते आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवलेलंच बरं.

सोनचाफा, तुझ्या लेकीचं वजन किती?

सोनचाफा
बापरे केवढी माहिती, थँक्यू सगळ्यांना. वजन जन्माच्या वेळी २.९, आता साडेतीनच्या वर गेलंय. लाली अर्ध्या तासात जाते, फोड वगैरे काही नाही. बारीक पुरळ मात्र आलंय मानेवर आणि पाठीवर.

पांढरी_टोपी
वजन छान. पुरळ डॉक्टरांना दाखवून घे. खूप गरम पाण्याने कातडी कोरडी पण पडते आणि वरून डाळीचं पीठ रगडलं की अजूनच. पीठ बंद केलंस तरी काही बिघडत नाही. आणि मावशी नाकात तेल घालत असतील, छाती पिळत असतील तर ते मात्र ठामपणे बंद कर, तिथे भीड नको.

मोरपंखी७
मला एक सांग सोनचाफा, बाळाची आणि तुझी अंघोळ एकाच बादलीतून होते का? म्हणजे मावशी एकदाच पाणी काढतात का?

विचारायचं कारण, माझ्या बहिणीकडे सेम किस्सा होता. बाळंतिणीला कढत पाणी लागतं, कंबर शेकायची असते, अंग मोकळं व्हायचं असतं, त्यासाठी बाई मोठं पातेलं भरून कढत काढायची. आधी बाळाला घालायची आणि मग उरलेलं बाळंतिणीला. आता आधी बाळाचं विसण घालून सगळंच कोमट केलं तर बाळंतिणीला गार होणार, म्हणून बाई बाळाच्या पाण्यात विसणच कमी घालायची. तिचा काही हट्ट नव्हता, सगळी सोय होती ती.

सोनचाफा
अगं हो!!! एकच मोठी बादली. आधी लेकीला घालतात, मग मला. आणि मध्ये पाणी निवलं असं वाटलं की आईला हाक मारतात, "ताई, जरा कढत आणा", आणि आई किचनमधून उकळलेलं आणून त्यात ओतते. लेक तेव्हा पायावरच असते.

आकडेमोड
थांबा थांबा. हे वरून ओतणं ताबडतोब बंद करा, बाकी सगळं नंतर. बादलीत समजा ८ लिटर पाणी ३६ डिग्रीला आहे आणि आईंनी १ लिटर उकळतं ओतलं, तर पूर्ण ढवळल्यावर ४३ होतं. एका लिटरने! आणि ढवळायला कोण बसलंय, मावशींचे दोन्ही हात बाळावर. गरम पाणी हलकं असतं ते वरच तरंगतं आणि तांब्या नेमका वरूनच भरला जातो. म्हणजे पुढचा तांब्या ४३ चा पण नाही, त्याच्या कितीतरी वर. शिवाय उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन कुणीतरी ओल्या फरशीवरून बाळाच्या अंगावरून वाकतंय, हे चित्रच डोळ्यासमोर आणवत नाही.

पाणी आधी पूर्ण तयार करायचं, ढवळायचं, मोजायचं, मग बाळ आणायचं. एकदा बाळ मोरीत आलं की गरम पाण्याचं भांडं आत येणार नाही. निवलं तर निवलं, अंघोळ आवरती घ्यायची.

शिल्पकार_नव्हे_प्लंबर
धंद्याने प्लंबरच आहे, आयडी खराय. थोडं नळाबद्दल.

सोलरला थर्मोस्टॅट नसतो. ऊन जसं पडेल तसं पाणी तापतं. कडक उन्हात संध्याकाळी टाकीत ७० च्या वर पण असतं आणि पावसाळ्यात चार दिवस ढग राहिले की कोमट. म्हणून सोलरच्या घरात कालचं माप आज चालत नाही. वरून खालपर्यंत पाइपमध्ये थांबलेलं पाणी गार असतं ते आधी येतं, लोकांना वाटतं आज पाणी तापलेलंच नाही, गारचा नळ बंद करतात, आणि तेवढ्यात मागचं कढत येऊन पोचतं. मी हात भाजलेली गिऱ्हाइकं बघितलीयत. आधी गार भरा बादलीत, मग गरम सोडा, आणि शेवटी परत थोडं गार सोडून नळ बंद करा म्हणजे तोटीत पण कढत थेंब राहत नाही.

मिक्सरच्या नळाखाली बाळ कधीच धरू नका, कितीही सेट केलेला असू दे. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला किंवा किचनमध्ये गारचा नळ सोडला की गारचं प्रेशर पडतं आणि तोटीतून एकदम कढत येतं.

स्टोरेजच्या गीझरला खाली नॉब असतो किंवा कव्हरच्या आत स्क्रू असतो, त्यावरून तापमान कमी करता येतं. कव्हर उघडायचं असेल तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. घरात रांगतं बाळ आलं की ५० ला आणलेलं बरं, कारण उद्या ते स्वतः नळ फिरवणार आहे. मोठ्या टाकीचं सेंट्रल गरम पाणी असेल तर मात्र टाकी ६० च्या खाली ठेवू नये, कमी तापमानात त्यात जंतू वाढतात, तिथे नळाजवळ मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवतात, तो ठरवलेल्या तापमानाच्या वर पाणी सोडतच नाही.

रॉड वापरणाऱ्यांसाठी: रॉडच्या टोकाच्या खालचं पाणी गारच राहतं आणि वरचं तापतं. खालचं बघाल तर गार लागेल, वरचं बघाल तर पोळेल. प्लग काढून रॉड बाहेर काढायचा आणि मगच ढवळायचं, हा क्रम कधीच चुकवू नका.

आणि गॅस गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर त्या बाथरूममध्ये बाळ-बाळंतिणीला नेऊच नका. दार-खिडकी बंद करून शेक घेत बसतात आणि आत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. माणसं गेलीयत यात. गीझर बाहेर काढून घ्या.

रानजाई
प्लंबर दादा, शेवटचा पॅरा ठळक करून वर लावायला हवा.

ट्युलिपची_सून
नेदरलँड्समधून लिहितेय. इथे बाळंतपणानंतर पहिला आठवडाभर सक्तीच्या आरोग्य विम्यातून एक प्रशिक्षित बाई घरी येते, या सेवेला क्रामझोर्ग म्हणतात. एकप्रकारे मावशीच! बाळाचं सगळं शिकवते, आईकडे बघते, चहा पण करते. तिने पहिल्या अंघोळीला थर्मामीटर मागितला, तो इथे बाळाच्या सामानाच्या यादीतच असतो, लंगोटांसारखा. ३७ वर आल्याशिवाय तिने बाळाचे कपडेच काढले नाहीत आणि थर्मामीटर असून सुद्धा शेवटी स्वतःचं कोपर बुडवलंच. मी विचारलं तर म्हणाली यंत्राची बॅटरी उतरू शकते.

माझी आई आली होती तेव्हा तिला हे पाणी गारच वाटायचं. "एवढ्याशा पाण्यात पोराचा मळ कसा निघणार?" दूध पिणाऱ्या बाळाला कसला मळ असतो म्हणा. दोघींचं तोडक्या-मोडक्या इंग्रजीत जुंपायचं आणि मी मध्ये दुभाषी. शेवटी तह असा झाला की मालीश आईचं, पाणी क्रामझोर्गच्या बाईचं.

नगरी_भेळ
जरा वेगळं मत. तुम्ही सगळे आकड्यांवर जास्तच भर देताय. आमच्याकडे गावी कुठला थर्मामीटर. आई वाफ बघून सांगायची. हे माझं वैयक्तिक मत.

आकडेमोड
वाफेवर अजिबात जाऊ नका. वाफ दिसणं हे पाण्याइतकंच बाहेरच्या हवेवर असतं. थंडीत सकाळी ३८ च्या पाण्यावर पण वाफ दिसते आणि मे महिन्यात ५० च्या पाण्यावर पण नीट दिसत नाही. थर्मामीटर नसेल तर कोपर आहेच की, ते काही विकत आणावं लागत नाही.

नगरी_भेळ
बरं, वाफेचा मुद्दा मागे घेतो. कोपर मान्य.

कृष्णाकाठ
मोरपंखीने अगदी बरोबर नस पकडली. आमच्याकडे बाळाचं घंगाळ वेगळं आणि बाळंतिणीचा हंडा वेगळा असायचा हे आता आठवलं. फ्लॅटच्या एवढ्याशा बाथरूममध्ये दोन भांडी मावत नाहीत म्हणून एक झालं असणार. सोनचाफा, मावशींना पाणी गार करा असं म्हणूच नकोस, त्यांना ते कामात चूक काढल्यासारखं वाटेल. "माझ्यासाठी वेगळं कढत काढा, मला कंबरेला हवंय" असं म्हण. बाळाचं आपोआप सुटं होईल.

मोरपंखी७
काकू, तुम्ही राजकारणात का नाही गेलात?

पांढरी_टोपी
कुणाचं भाजलंच तर काय करायचं हे राहिलं होतं, लिहून ठेवते. बाळ लगेच पाण्यातून दूर, ओले कपडे आणि लंगोट काढायचा, चिकटला असेल तर ओढायचा नाही. भाजलेल्या जागेवर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. हो, २० मिनिटं, लोक दोन मिनिटांत थांबतात. बाकीचं अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवायचं म्हणजे बाळ गार पडणार नाही. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही, हळद नाही, शाई तर अजिबात नाही, हे सगळं आम्हाला नंतर खरवडून काढावं लागतं आणि पोराला दुसऱ्यांदा यातना. वरून स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

सोनचाफा
अपडेट द्यायला आले.

काकूंचा सल्ला मानला. सकाळी मावशी आल्यावर म्हटलं, मावशी माझी कंबर फार धरलीय, मला आज वेगळं चांगलं कढत काढा ना. लगेच खुश. "आत्ता कशी बाळंतीण शोभतीस," म्हणाल्या. आईला दुसरी बादली काढायला लावली, लाल रंगाची माझी आणि जुनी निळी लेकीची. मावशी निळीत विसण घालायला लागल्या तेव्हा म्हटलं, यात तुम्हाला मला परत द्यायचंच नाहीये तर घाला की अजून थोडं. घातलं. मग थर्मामीटर टाकला (अहोंनी ऑर्डर केलेला, म्हणजे अगदीच शून्य उपयोग नाही). ४१ आला. मावशींना म्हटलं हे बघा डॉक्टरांनी ३७ सांगितलंय. त्या म्हणाल्या, यंत्राला काय कळतंय. मी काही बोलले नाही, नुसतं म्हटलं जरा कोपरावर घेऊन बघता का. त्यांनी बाही वर सरकवली, कोपर बुडवलं, आणि लगेच बाहेर काढलं. माझ्याकडे न बघता आणखी दीड तांब्या गार ओतलं आणि आईला म्हणाल्या, "ताई, तुमचं सोलर आज लईच तापलंय."

मी म्हटलं हो ना, सोलरच तसलं आहे.

लेक रडली, पण तेल धुताना थोडंसं आणि डोक्यावरून पाणी घेताना. किंचाळली नाही. झोपायचं म्हणाल तर तेवढीच झोपली. आईला हे जरा लागलंय, कारण झोप कढत पाण्याने येते ही तिची थिअरी होती, आता ती म्हणतेय मालीशने येते.

मोरपंखी७
सोलरवर ढकललं, हाहाहा. मावशी एक नंबर.

ट्युलिपची_सून
छान झालं! थर्मामीटरची बॅटरी बघत जा मात्र.

वऱ्हाडी_ठेचा
मार्च संपला का टाकीचं पाणी तपासा, पुण्यात पण आता ऊन काही कमी नाही राह्यलं.

नगरी_भेळ
अवांतर: अंघोळीनंतरच्या धुरीबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे ओवा-बाळंतशेपाची धुरी रोज देतात.

पांढरी_टोपी
धुरी नकोच, एवढ्याशा फुफ्फुसात धूर कशाला? पण त्यावर इथे सुरू झालं तर दोनशे प्रतिसाद होतील. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

नगरी_भेळ
काढतो रात्री.